नोटीस चिकटली तरी मिक्सर चालूच: अनधिकृत बांधकामावर कारवाई नेमकी होते कशी

आमच्या शेजारी गेल्या वर्षी एक बांधकाम चालू होतं. परवानगी दोन मजल्याची आणि तिसऱ्याच्या कॉलमच्या सळया वर निघालेल्या, आमच्या बाजूला नकाशात जे साईड मार्जिन म्हणजे मोकळी सोडायची जागा दाखवली होती ती सोडलीच नाही, वरून गॅलरी अशी बाहेर काढली की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात काढला तर त्यांच्या सेंट्रिंगच्या फळीला लागायचा. मी नगरपरिषदेत अर्ज दिला, पोच घेतली, चार चकरा मारल्या, आणि तीनेक आठवड्यांनी एक शिपाई येऊन खालच्या कॉलमला नोटीस चिकटवून, तिचा मोबाईलवर फोटो काढून गेला. आईला वाटलं, सुटलो एकदाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मिक्सर चालू. मी जाऊन बघितलं तर नोटीस कुणी फाडली बिडली नव्हती, मिस्त्रीनं तिच्या कोऱ्या भागावर पेन्सिलनं सळयांचा हिशोब मांडला होता, बारा एमएम इतक्या, आठ एमएम इतक्या.

तेव्हापासून मी ह्या विषयाच्या मागंच लागलो. एका वकील मित्राचं डोकं खाल्लं, नगररचनाच्या टेबलावरच्या बाबूंसोबत भरपूर चहा पिला, आणि जे कळलं ते इथं साध्या भाषेत लिहायलोय, कारण आपल्याकडं बहुतेकांना वाटतं की तक्रार केली की नोटीस आणि नोटीस संपली की जेसीबी. असं नसतंय. मधी खूप गल्ल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कायद्यानंच काढून दिलेल्या आहेत.

मूळ कायदा एकच, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६. ऑफिसात सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात, आणि आता तर गल्लीतले लोक पण 'त्याच्यावर एमआरटीपी लागली' असं एखादा आजार झाल्यासारखं बोलतात. शहराचा विकास आराखडा म्हणजे डीपी ह्याच कायद्याखाली होतो, आणि जमिनीवर काही पण 'विकास' करायचा तर आधी परवानगी पाहिजे हे पण ह्याच कायद्यात आहे. विकास म्हणजे नुसतं घर बांधणं नाही हां. राहत्या घराचं दुकान केलं, पार्किंगला दाखवलेल्या जागेत क्लास चालू केला, शेताचे तुकडे पाडून मुरमाचे रस्ते टाकले, हे सगळं विकासात येतं. बांधायचं कसं, मार्जिन किती, उंची किती, ह्याची नियमावली आधी प्रत्येक शहराची वेगळी असायची, २०२० च्या डिसेंबरात मुंबई आणि थोडेफार भाग सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच झाली, तिला युडीसीपीआर म्हणतात. लहान प्लॉटवाल्यांसाठी तिच्यात बरीच सोपी पद्धत आहे, त्यामुळं 'परवानगी काढायला जोडे झिजतात म्हणून न विचारताच बांधलं' ही सबब आता पहिल्याइतकी पटत नाही, तरी पूर्ण खोटी पण नाही. कायदा म्हणतो साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरा, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. आणि नेमकं तेच ठरवणारा माणूस साठ दिवस गप्प बसलेला असतो, मग काय करता.

आता कारवाई कुणी करायची? इथंच निम्म्या तक्रारी मरतात. संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना, इथं महापालिका आहे म्हणजे आयुक्तांचे अधिकार. तालुक्याच्या गावी नगरपरिषद किंवा नगरपंचायत, तिथं मुख्याधिकारी. खेड्यात गावठाणाच्या आत ग्रामपंचायत, आणि गावठाणाबाहेर शेतात बांधलं तर मामला महसूलकडं म्हणजे तहसीलदार-कलेक्टरकडं, कारण तिथं अकृषिकचा म्हणजे एनएचा प्रश्न पण येतो. एमआयडीसी तिच्या हद्दीत स्वतःच मालक. वाळूजकडं जाऊन बघा, एका बाजूला एमआयडीसीची हद्द, पलीकडं सिडकोनं वसवलेलं महानगर, आणि मधीच जुन्या ग्रामपंचायती. तिथल्या माणसानं अर्ज दिला की तो अर्ज 'सदर क्षेत्र आमच्या हद्दीत येत नाही' असा शिक्का घेत घेत तीन ऑफिसं फिरून येतो आणि तोपर्यंत वरचा मजला रंगवून होतो. म्हणून पहिलं काम, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन ती जागा कुणाच्या नकाशात आहे हे बघायचं. तक्रार नंतर.

दुसरा घोळ शब्दांचा. अतिक्रमण आणि अनधिकृत बांधकाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पेपरवाले पण एकच करून टाकतात. सरकारी जागेवर, रस्त्यावर, नालीवर बसलं तर अतिक्रमण. स्वतःच्याच मालकीच्या प्लॉटवर परवानगी न घेता किंवा परवानगीपेक्षा जास्त बांधलं तर ते अनधिकृत बांधकाम. फरक का महत्त्वाचा, तर रस्त्यावरचं अतिक्रमण महापालिका नोटीस न देता पण उचलू शकते, महापालिका कायद्यात कलम २३१ तसंच आहे. मालकीच्या जागेवरच्या इमारतीला मात्र नोटीस, सुनावणी, आदेश हे सगळं द्यावंच लागतं. म्हणून ते दृश्य दिसतं ना आपल्याला, शहागंजात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, पथक आलं की हातगाडी दहा मिनिटांत ट्रॅक्टरात आणि मागं उभी असलेली दोन मजले जास्तीची इमारत तशीच. ह्यात लाचलुचपत नसतीच असं मी म्हणत नाही, पण ती नसती तरी हातगाडीच आधी गेली असती, कायद्याची वाटच तिच्याकडून सोपी आहे. तसं फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, आधी सर्व्हे करा आणि मग हलवा असं तो सांगतो, पण ट्रॅक्टर आलेल्या दिवशी ते कुणाला आठवत नाही.

बरं, आता नोटिशीवर येऊ. नोटीस म्हटलं की आपण एकच समजतो, पण त्या मुख्य तीन प्रकारच्या कलमांतून येतात आणि कागदावर कलम कोणतं लिहिलंय हे बघितल्याशिवाय तिच्यात दम किती ते कळत नाही. कलम ५४ म्हणजे काम थांबवा. ही चालू कामावर लागते, आणि मालकानं ऐकलं नाही तर पोलिसांच्या मदतीनं माणसं आणि सामान तिथून हटवता येतं. माझ्या मते सगळ्यात कामाची ही आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी पण हीच. कलम ५३ म्हणजे जे बांधलंय ते काढा किंवा नकाशाप्रमाणं करा, नाही केलं तर आम्ही पाडू आणि खर्च तुमच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करू. आणि कलम ५२ म्हणजे गुन्हा, पोलीस स्टेशनला. शिक्षा कमीत कमी एक महिना ते जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड किती तर दोन हजार ते पाच हजार रुपये, पुढं चालूच ठेवलं तर रोज दोनशेपर्यंत. पाच हजार! आमच्याकडं आज स्लॅब टाकायच्या दिवशी मजुरांच्या जेवणाला आणि नारळ-पेढ्याला ह्याच्यापेक्षा जास्त लागतात.

आमच्या शेजाऱ्याला जी आली होती ती ५३ ची. आता त्याच ५३ मधी एक पोटकलम आहे, तीन नंबरचं, ते समजलं की अर्धा खेळ समजतो. ज्याला नोटीस आली तो मुदतीच्या आत 'हे बांधकाम कायम ठेवायची परवानगी द्या' असा अर्ज करू शकतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर पाडता येत नाही. मूळ विचार चांगलाच आहे, एखाद्यानं खरंच नकळत चूक केली आणि ती नियमात बसवता येत असेल तर घर कशाला पाडायचं. पण व्यवहारात काय होतं, नोटीस आली की इंजिनिअर लगेच अर्ज टाकतो, अर्जात त्रुटी निघते, त्रुटीची पूर्तता होते, परत त्रुटी निघते, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अशी पंढरीच्या वारीसारखी मुक्काम करत जाते. तोपर्यंत प्लास्टर. तोपर्यंत भाडेकरू. एकदा आत लेकराबाळांचं कुटुंब राहायला गेलं की अधिकाऱ्याचा हात थरथरतो आणि खरं सांगायचं तर थरथरायलाच पाहिजे.

मग कोर्ट. एमआरटीपीच्या कलम १४९ मधी लिहिलंय की ह्या कायद्याखालच्या नोटिशी आणि आदेश अंतिम, त्याच्यावर दावा चालणार नाही. तरी पण नोटीसच चुकीची दिली, नीट बजावलीच नाही, अधिकारच नव्हता, असं म्हणून लोक दिवाणी कोर्टात जातात, नाहीतर हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका टाकतात आणि स्टे घेऊन येतात. 'स्टे आणलाय' हे आपल्याकडं 'पोरगं पास झालं' च्या सुरात सांगतात. हुशार पालिका नोटीस काढल्या काढल्या कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवते म्हणजे तिचं ऐकल्याशिवाय स्टे मिळू नये. पण तेवढ्यासाठी पालिकेच्या वकिलाला वेळेवर कागद मिळाले पाहिजेत, आणि नोटिशीत मोजमापं बरोबर पाहिजेत. किती कारवाया नुसत्या ह्याच्यावर पडतात, की पंचनाम्यात लांबी-रुंदी लिहिलीच नाही, 'वाढीव बांधकाम केल्याचे आढळून आले' एवढंच. कुठून कुठपर्यंत वाढीव? कोर्ट विचारणारच की.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा बुलडोझरवाला निकाल आला आणि ह्यात अजून भर पडली. आता पाडायच्या आधी कमीत कमी पंधरा दिवसांची नोटीस, किंवा स्थानिक कायद्यात त्याहून जास्त मुदत असली तर ती. नोटीस रजिस्टर पोस्टानं जायला पाहिजे आणि बांधकामावर पण चिकटवायला पाहिजे, तिच्यात नेमकं काय बेकायदा ते लिहायला पाहिजे, मालकाचं म्हणणं समक्ष ऐकून त्याची नोंद ठेवायला पाहिजे, कारणं देऊन आदेश काढायचा, आदेशानंतर परत पंधरा दिवस थांबायचं, आणि पाडताना व्हिडिओ शूटिंग. हे मोडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाईनच्या कडंची, नदी किंवा तलावातली बांधकामं मात्र ह्यातून वगळली आहेत, आणि जिथं कोर्टाचाच पाडायचा आदेश आहे तिथं पण हे लागू नाही. काही लोक ह्या निकालावर चिडले की आता तर कुणाचंच पडणार नाही. मला तसं वाटत नाही. एखाद्याचं घर रात्रीतून पाडायचं आणि सकाळी कागद शोधायचा, हे बंद व्हायलाच पाहिजे होतं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला मेरठच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानंच उलटी बाजू पण सांगितली, की बांधकामाला लई वर्षं झाली, लई पैसा लागला, अधिकारी झोपले होते, म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. मंजूर नकाशा साईटवर लावून ठेवा, आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत वापरायची परवानगी बघूनच लाईट-पाणी द्या असं पण त्यात आहे. आमच्या गल्लीत तरी अजून कुण्या साईटवर नकाशा लावलेला मी बघितला नाही, लिंबू-मिरची मात्र प्रत्येक साईटवर असते.

लाईट-पाण्यावरून आठवलं. 'आम्ही वीस वर्षं घरपट्टी भरायलोत, मग अनधिकृत कसं काय' हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल, कदाचित बोलला पण असाल. घरपट्टी हा कर आहे, परवानगी नाही. महापालिका कायद्यात कलम २६७ अ आहे आणि नगरपरिषद कायद्यात १८९ अ, त्याखाली अनधिकृत बांधकामाला शास्ती म्हणजे दंड लावता येतो, आणि तो भरला म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही हे कायद्यातच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पण तसाच, तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम परवानगी तर नाहीच नाही.

आमचे दाजी ह्यातच अडकलेत. संभाजीनगरात एका गुंठेवारी वसाहतीत त्यांनी वीस बाय तीसचा प्लॉट घेतला, रजिस्ट्री नाही, शंभराच्या बाँडवर. प्लॉटिंगवाल्यानं शेताचे तुकडे पाडले, एनए नाही, लेआउट मंजूर नाही, आणि तुकडेबंदीचा कायदा असल्यामुळं एवढ्या लहान तुकड्याची खरेदी होत नव्हती म्हणून बाँड. दाजी काय मूर्ख नव्हते, कंपनीत कामाला होते, त्यांच्या पगारात मंजूर लेआउटचा प्लॉट बसत नव्हता, एवढीच गोष्ट. अशा घरांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, आधी तो १ जानेवारी २००१ च्या आतल्या गुंठेवारीला लागू होता, २०२१ मधी दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचं सगळं धरलं. शुल्क भरा, इंजिनिअरकडून नकाशा करा, फाईल दाखल करा. दाजींनी हे केलं नाही, 'करू की, कोण विचारतंय' म्हणत राहिले, आणि एक दिवस मार्किंगवाले आले आणि डीपी रोडची लाल रेघ त्यांच्या हॉलमधून गेली. देवघर इकडं, सोफा तिकडं. आता मोबदला मागायचा तर आधी मालकी दाखवा, आणि मालकी बाँडवर.

आणि सगळा दोष बांधणाऱ्यावर टाकून पण चालत नाही. डीपीत तुमच्या जागेवर शाळा नाहीतर बाग असं आरक्षण टाकलं की तुम्ही तिथं काही करायचं नाही, आणि नगरपरिषदेकडं जागा विकत घ्यायला पैसे नाहीत, ती पण काही करत नाही. कलम १२७ म्हणतं दहा वर्षं झाल्यावर तुम्ही खरेदीची नोटीस द्या, त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत म्हणजे आपोआप रद्द. म्हणजे सुटायला कमीत कमी बारा वर्षं. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, दोन-तीन कोरडे दुष्काळ त्याच बारा वर्षांत येऊन जातात, मग शेतकरी प्लॉटिंगवाल्याला जमीन देऊन मोकळा होतो आणि बागेच्या आरक्षणावर चाळीस घरं उभी राहतात. पुढं ती पाडायची म्हटलं तर कोण पाडणार.

नियमित करणं म्हणजे तरी काय, तर जे नियमात बसतं तेवढंच बसवून घेणं. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मापानं जेवढं बांधता येतं ते शिल्लक आहे पण परवानगी काढली नव्हती, तर प्रशमन शुल्क म्हणजे तडजोडीचे पैसे भरून होतं. २०१७ मधी ५२ अ असं कलम आणून ३१ डिसेंबर २०१५ च्या आतल्या बांधकामांना एक दार उघडलं होतं, नवी मुंबईतल्या दिघ्याच्या इमारतींचा गाजावाजा त्याच्या मागं होता. पण शेजाऱ्याचा उजेड खाणारं मार्जिन, रस्त्यात आलेली भिंत, नाल्याचं पात्र, ह्याला पैसे भरून माफी नसावी असं मला वाटतं, कारण ते पैसे पालिकेला जातात आणि अंधार माझ्या स्वयंपाकघरात राहतो. आई आता दिवसा लाईट लावून भाजी निवडते.

तर करायचं काय? मला त्या ऑफिसातल्या एका जुन्या माणसानं जे सांगितलं तेच मी सांगतो. म्हणाला, "भाऊ, तुम्ही गॅलरी निघाल्यावर आलात. जोत्याला असताना यायचं होतं." जोता म्हणजे प्लिंथ. नियमावलीत जोता तपासणी आहे ती ह्याच्यासाठीच, की पाया नकाशाप्रमाणं आहे का ते त्या टप्प्यावर बघायचं. तेव्हा चूक दुरुस्त करायला मालकाचा खर्च थोडा, पालिकेला पोलीस लागत नाहीत, कुणाचा संसार रस्त्यावर येत नाही. स्लॅब पडला की मालक पण अडकला, अधिकारी पण अडकला आणि तुम्ही पण. म्हणून बाजूला खड्डा खोदायला सुरुवात झाली की लगेच माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि परवानगीची प्रत मागा, पत्रात 'कारवाई करावी ही विनंती' असं गोलगोल न लिहिता कलम ५४ खाली काम थांबवा असं स्पष्ट लिहा, तारखेसकट फोटो जोडा, मोजमाप लिहा, आणि पोच घ्या. शिक्का नाही तर पोच नाही. कारवाई न करणाऱ्या पदनिर्देशित म्हणजे ह्याच कामाला नेमलेल्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद पण आहे एमआरटीपीत, कलम ५६ अ, ते पत्राच्या शेवटी नम्रपणे नमूद केलं की फाईलला जरा पाय फुटतात असा माझा अनुभव आहे. आणि बांधणारा नगरसेवकच असेल तर अजून एक, त्यानं, त्याच्या बायकोनं किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यानं बेकायदा बांधलं, नाहीतर कारवाईत आडकाठी केली, तर पद जाऊ शकतं. ह्या एका वाक्यानं कधी कधी जेसीबीपेक्षा जास्त काम होतं.

शेजाऱ्याच्या फाईलची सुनावणी अजून चालू आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. मागच्या आठवड्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका काकांच्या प्लॉटवर लाईन आऊट चालू होतं, मिस्त्री दोरी धरून चुन्याची फक्की मारायलेला. मी घरून टेप घेऊन गेलो. काकांना म्हटलं, "राग मानू नका, नकाशा दाखवता का?" त्यांनी जरा कपाळाला आठ्या घातल्या पण दाखवला, चहा पण सांगितला. मोजलं तर उत्तरेकडं दीड फूट कमी भरलं. मिस्त्रीनं चपलेनं जुनी रेघ पुसली आणि नवी मारली, चहा यायच्या आत झालं.